श्राविकारत्न हरकुंवर शेठाणी

अहमदाबादेत दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंग जिनालयाचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी यात्रेत घेतले असेल. पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवान तेथे मूलनायक असून सभोवती 52 देवकुलिका आहेत. जिनालयास नाव शेठ हठीसिंग केसरीसिंग यांचे. ते पूर्णत्वास नेले मात्र त्यांच्या धर्मपत्नी हरकुंवर शेठाणी यांनी.

1845 साली शेठजींचे देहावसान झाले, तेव्हा बांधकाम अपुरेच होते. विधवेने घराचा उंबरठा ओलांडू नये असा तो काळ. शेठाणींनी पेढीचा कारभार हाती घेतला आणि प्रेमचंद सलाट यांच्याकडून काम तडीस नेले. पेढीच्या व्यापारात अफूही होती, हे अहिंसाधर्मीयांनी झाकून ठेवू नये. लाखो रुपये खर्चून 1848 मध्ये जिनालय उभे राहिले.

त्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. अहमदाबादेत कन्याशिक्षणासाठी शेठाणींनी आपली थैली मोकळी केली. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, असे लोक मानीत. आणि येथे एक विधवाच मुलींच्या शाळेचा खर्च उचलीत होती.