विल्बर राइट : हवेतला वेग मोजणारे सायकलवाले

उत्तरायणाला गच्चीवर उभे असताना एक गोष्ट तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. वारा पडला की पतंग डोलू लागतो आणि हळूहळू खाली येतो. मग आपण मांजा भराभर ओढतो आणि पतंग पुन्हा वर चढतो. वारा नव्हता, तो आपण ओढून निर्माण केला. वारा पतंगावर आला काय किंवा पतंग हवेतून ओढला गेला काय, पतंगाला दोन्ही सारखेच. विल्बर राइट यांच्या साऱ्या कामाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. १७ डिसेंबर १९०३ ही तारीख आपण पाठ करतो, पण त्या दिवशी विमानाचा वेग किती होता असे विचारले की वर्गात शांतता पसरते. खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांच्या खोलीतही ती पसरली होती!

विल्बर यांचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळ झाला. वडील मिल्टन राइट धर्मोपदेशक होते, पुढे ते बिशप झाले. आई सुसान यांच्या हातात कसब होते. मुलांची खेळणी त्या स्वतः बनवीत. विल्बर अभ्यासात हुशार होते व येल विद्यापीठात जाण्याचा विचार चालला होता. परंतु अठराव्या वर्षी बर्फावर खेळताना एका मुलाची काठी त्यांच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. त्यानंतर प्रकृती खालावली व मन खचले. जवळजवळ तीन वर्षे ते घरातच राहिले. त्या काळात त्यांनी क्षयाने आजारी असलेल्या आईची सेवा केली आणि वडिलांच्या संग्रहातील पुस्तके वाचून काढली. १८८९ मध्ये आई गेली. कॉलेज राहूनच गेले.

धाकटे बंधू ऑर्व्हिल यांच्याबरोबर त्यांनी ओहायो राज्यातील डेटन शहरी आधी छापखाना व १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढले. १८९६ च्या उन्हाळ्याअखेर ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. त्याच सुमारास जर्मनीतील ऑटो लिलिएंथाल यांच्या मृत्यूची बातमी विल्बर यांच्या वाचनात आली. लिलिएंथाल यांनी पंख बांधून टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा उड्डाण केले होते. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांच्या ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि ते सुमारे ५० फुटांवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

येथे थोडे थांबू. पंखाला उचलून धरणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, वेग निम्मा झाला तर जोर पाव. वेग कमी होऊ लागला की चालक नाक वर करून ही तूट भरून काढतो. पण एका मर्यादेपलीकडे पंखावरून जाणारी हवा पंखाला सोडून फुटते आणि आधार एकदम नाहीसा होतो. याला विमानाचे ‘स्टॉल’ होणे म्हणतात. प्रत्येक विमानाला असा एक किमान वेग असतो. लिलिएंथाल यांचा जीव त्या रेषेखाली गेल्याने गेला.

३० मे १८९९ रोजी विल्बर यांनी स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून या विषयावरील साहित्य मागवले. त्याच वर्षी त्यांनी पाच फुटी पतंगावर पहिला प्रयोग केला. १९०१ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनाच्या वाळूच्या टेकड्यांवर मोठा ग्लायडर नेला, पण गणिताने सांगितले होते त्याच्या एक तृतीयांशच जोर मिळाला. एकदा तर विल्बर यांच्याही ग्लायडरचे नाक वर जाऊन वेग संपला. पण त्यांनी उंची सांभाळणारा छोटा पंख पुढे बसवला होता. त्यामुळे ग्लायडर नाकावर न आपटता सपाट खाली बसला. विल्बर वाचले, पण घरी परतताना फार निराश होते.

मग त्यांनी जे केले ते आम्हाला १९०३ च्या उड्डाणापेक्षाही मोठे वाटते. सर्वांनी मान्य केलेल्या आकड्यांवरच त्यांनी शंका घेतली. सायकलच्या हँडलवर तिसरे चाक आडवे बसवले, त्याच्या कडेला वक्र पाते व सपाट पट्टी उभी लावली आणि डेटनच्या रस्त्यावरून जोराने सायकल पळवली. वारा नसेल तर तो आपण तयार करायचा! नंतर दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तिच्यात पंख्याने वारा सोडला. करवतीची पाती व सायकलच्या स्पोकची तार वापरून तराजू केले आणि सुमारे दोनशे आकारांचे छोटे पंख तपासले. हवेच्या दाबाचा शतकभर वापरात असलेला ०.००५ हा अंक चुकीचा निघाला, तो ०.००३३ च्या आसपास हवा होता. आता किती वजनाला किती पंख आणि किती वेग लागेल हे कागदावर मांडता येऊ लागले.

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक जिंकून विल्बर प्रथम इंजिनाच्या विमानात पालथे पडले. रुळावरून सुटताच त्यांनी नाक जास्त वर केले, वेग गेला आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत बसले. हिशेब ज्याला सर्वांत चांगला ठाऊक होता, त्याच्याच हातून ही चूक झाली. दुरुस्तीनंतर १७ तारखेला पाळी ऑर्व्हिल यांची. १२ सेकंदांत १२० फूट, म्हणजे सेकंदाला अवघे १० फूट. कुणीही धावत गाठावे असा हा वेग! पण समोरून सेकंदाला सुमारे ३५ फुटांचा वारा होता. म्हणजे हवेतून विमान सेकंदाला ४५ फूट, ताशी सुमारे ४९ किलोमीटर वेगाने जात होते. वारा नसता तर त्याच वेळात ते ५४० फूट गेले असते. विमानावर त्यांनी वाऱ्याचे मापक, स्टॉपवॉच व फेरे मोजणारे यंत्र बसवले होते, म्हणून हे सांगता येते. चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेले.

पुढची अडचण वळणाची. डेटनजवळच्या कुरणात १९०४-०५ मध्ये विमान घट्ट वळण घेताना अचानक खाली घसरे. सप्टेंबर १९०५ मध्ये ऑर्व्हिल एका काटेरी झाडावर आदळता आदळता वाचले आणि कारण उमगले. वळताना पंखांवर भार वाढतो, म्हणून किमान वेगही वाढतो. ६० अंश कललेल्या वळणात तो सुमारे १.४ पट होतो. उपाय सोपा निघाला, नाक खाली करून वेग घ्यायचा. ५ ऑक्टोबर रोजी विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल उडाले. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल मां येथे त्यांनी लोकांसमोर वळणे घेतली, तेव्हा शंका घेणारे गप्प झाले.

अमेरिकन सैन्याला विमान विकताना ताशी ४० मैल वेगाची अट होती. ३० जुलै १९०९ रोजी ऑर्व्हिल जाताना ताशी ३७.७३५ व परतताना ४७.४३१ मैल वेगाने आले. सरासरी ४२.५८३. जाताना वाऱ्याने काढून घेतलेले येताना परत दिले. मोबदल्यात ३० हजार डॉलर मिळाले, त्यांत पाच हजार जादा वेगाचे.

आजही घरच्या गॅरेजमध्ये हलके विमान बांधणारे हौशी लोक हेच करतात. आधी पुरेशा उंचीवर जाऊन वेग हळूहळू कमी करतात व विमान कोणत्या आकड्याला आधार सोडते ते टिपतात. उतरताना त्याच्या १.३ पट वेग राखतात. सर्वांत चांगली चढण कोणत्या वेगाला मिळते, इंजिन बंद पडल्यास कोणत्या वेगाने सर्वांत लांब तरंगत जाता येते, हेही मोजतात. वेगमापक खरे बोलतो की नाही हे पाहायला उलटसुलट दिशांनी उडून जीपीएसशी ताळा घेतात.

विल्बर यांची शेवटची वर्षे मात्र पेटंटच्या खटल्यांत गेली. ते किती योग्य यावर आमच्यात दुमत आहे, पण त्यांनी फार दमवले हे खरे. २५ मे १९१० रोजी दोघे भाऊ एकत्र उडाले, तेही एकदाच. अपघातात दोघेही जाऊ नयेत म्हणून एरवी ते एकत्र बसत नसत. त्याच दिवशी एक्याऐंशी वर्षांचे वडीलही ऑर्व्हिल यांच्याबरोबर आकाशात गेले.

१९१२ च्या मे महिन्यात विल्बर यांना विषमज्वर झाला. ३० मे रोजी ४५ व्या वर्षी डेटनच्या घरी त्यांचे निधन झाले. शहरातील वुडलँड स्मशानभूमीत त्यांना आईच्या कबरीजवळ पुरण्यात आले. १९४८ मध्ये ऑर्व्हिलही तेथेच आले.