आकाश मोजणारे भास्कराचार्य

अमावास्येच्या रात्री अजिंठ्याच्या घाटात उभे राहा. आकाश ताऱ्यांनी भरलेले दिसेल आणि त्यात एक पांढुरका पट्टाही दिसेल. उर्दूत आपण त्याला कहकशाँ म्हणतो, मराठीत आकाशगंगा. ही आपली दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. विश्वात अशा असंख्य दीर्घिका आहेत. तेथे कोणी गेलेले नाही, तरी शास्त्रज्ञ त्यांची लांबी-रुंदी सांगतात. ती कशी मोजत असतील?

ज्या वस्तूपर्यंत हात पोहोचत नाही ती मोजायची कशी, या प्रश्नावर सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका थोर गणितज्ञाने विचार केला होता. त्यांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरात आहे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते गाव म्हणजे जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ असलेले पाटण, असे अनेक अभ्यासक मानतात. अजिंठ्याची डोंगररांग पश्चिमेकडे जाते, तिच्याच पायथ्याशी हे पाटण आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. त्या काळी दुर्बीण नव्हती. ती आली त्यानंतर साडेचारशे वर्षांनी. डोळे, सावली, काठी आणि गणित एवढीच त्यांची साधने होती.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर आणि साप यांची गोड उदाहरणे आहेत. दिव्याची उंची आणि काठीची सावली यांचीही गणिते आहेत. गोलाध्यायात त्यांनी आकाश पाहण्याच्या अनेक यंत्रांचे वर्णन केले. त्यांपैकी एकाचे नाव धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र. हे यंत्र म्हणजे नुसती एक सरळ काठी! दूरच्या बांबूचे बूड आणि शेंडा काठीच्या टोकावरून पाहायचे आणि हिशोब करायचा. जागेवरून न हलता बांबूची उंची आणि त्याचे अंतर दोन्ही कळतात.

हाच विचार त्यांनी पृथ्वीला लावला. उत्तरेकडे जावे तसा ध्रुवतारा वर चढतो. एकमेकांच्या सरळ उत्तर-दक्षिण असलेली दोन गावे घ्या. दोन्ही ठिकाणी ध्रुव किती अंश वर दिसतो ते पाहा आणि गावांमधले अंतर मोजा. इतक्या अंशांना इतके अंतर, तर पूर्ण ३६० अंशांना किती? हे तुमच्या ओळखीचे त्रैराशिक आहे. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजने दिला. योजन हे लांबीचे जुने माप आहे.

मग चंद्राची पाळी आली. आपण मध्यभागी आहोत आणि चंद्र एका प्रचंड वर्तुळावर आहे, अशी कल्पना करा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे. त्यातला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त भाग चंद्र व्यापतो. हा झाला कोन, म्हणजे ज़ाविया. चंद्र किती दूर आहे हे ठाऊक असेल, तर पुन्हा त्रैराशिक मांडून तो किती मोठा हे काढता येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने आणि व्यास ४८० योजने आहे. हा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे तीन दशांश होतो. आजच्या मोजमापाप्रमाणे तो पाव हिश्शाहून थोडा अधिक आहे. दुर्बिणीशिवाय इतके जवळचे उत्तर आले, याचे नवल वाटते ना?

पण सूर्याच्या बाबतीत हिशोब चुकला. सूर्य पृथ्वीच्या सुमारे चौपट रुंद आहे, असे उत्तर आले. खरे पाहता तो १०९ पट रुंद आहे. मग चूक कोठे झाली? कोन तर बरोबर होता. अंतर चुकले. चंद्र, सूर्य आणि सर्व ग्रह दिवसाला सारखाच प्रवास करतात, असे त्या काळी मानत. त्यावरून काढलेले सूर्याचे अंतर फार कमी आले, म्हणून सूर्यही लहान ठरला. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. कोन डोळ्यांना दिसतो, अंतर मात्र शोधावे लागते.

भास्कराचार्यांचे काम उतारवयातही थांबले नाही. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेथील १२०७ सालच्या शिलालेखात याची नोंद आहे. हा लेख संस्कृतात असून त्याच्या शेवटी जुन्या मराठीतील मजकूर आहे.

पुढे हे ज्ञान फारसीतही गेले. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून कवी फैज़ी यांनी १५८७ मध्ये ‘लीलावती’चे भाषांतर केले. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला यांनी ‘बीजगणित’ फारसीत आणले. हे अताउल्ला कोण, ठाऊक आहे? छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथील बीबी का मकबरा उभारणारे वास्तुकार ते हेच.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. देवयानी ही आपल्या शेजारची मोठी दीर्घिका. इराणचे अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ९६४ मध्ये तिची नोंद लहानशा ढगासारखी केली होती. तिचा कोन सुमारे ३ अंश आहे. पण अंतर? अमेरिकेचे एडविन हबल यांना १९२३ मध्ये तिच्यात प्रकाश कमी-जास्त होणारा एक तारा सापडला. त्यावरून त्यांनी अंतर काढले, ते सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे आले. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. पुढे कळले की असे तारे दोन प्रकारचे असतात. तेव्हा अंतर सुधारले गेले. आज ते २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. अंतर वाढले तशी देवयानीही मोठी ठरली. आज तिची रुंदी सव्वा लाख प्रकाशवर्षांहून अधिक धरतात. सूर्याच्या बाबतीत झाले तसेच येथेही झाले, नाही का?

काही दीर्घिकांच्या पोटातून प्रचंड वेगाचे प्रवाह बाहेर पडतात. ते रेडिओ दुर्बिणीला दिसतात. २०२४ मध्ये अशा प्रवाहांची एक जोडी जाहीर झाली. तिचे नाव पोर्फिरिऑन. तिची लांबी सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे आहे. ती युरोपातील दुर्बिणीने दिसली. पण हे प्रवाह नेमके कोणत्या दीर्घिकेतून निघतात, हे शोधताना पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील दुर्बिणीचा उपयोग झाला. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. इतक्या दूरच्या दीर्घिकेचे अंतर तिच्या प्रकाशावरून कळते. तो प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला आहे, हे शास्त्रज्ञ पाहतात. मग कोन आणि अंतर यांचे तेच जुने गणित मांडतात.

मित्रांनो, उद्या एक सरळ काठी घ्या. शाळेच्या अंगणातील झाडाची उंची झाडावर न चढता काढा. उत्तर चुकले तर अंतर पुन्हा मोजा.