प्रश्नाला उत्तर देण्याचा गुन्हा

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण भीमस्मृतीसाठी जमतो. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेल्या बाबासाहेबांची आठवण जागवतो. परंतु त्याआधी तीन वर्षे, १९३४ मध्ये मुंबईत त्यांनी लढविलेला एक खटला चळवळीत फारसा सांगितला जात नाही. त्यातील आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे.

१८८२ साली जन्मलेले रघुनाथराव महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मतांपायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई ठामपणे पाठीशी राहिल्या. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. घरात किंवा डॉक्टरपुढे जे बोलता येत नसे, ते वाचक त्यांना लिहून विचारीत. कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तर देत. १९३१ मध्ये त्यांना एकदा दंड झाला होता. डिसेंबर १९३३ च्या अंकात हस्तमैथुन व समलिंगी संबंधांवरील प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून पुन्हा अश्लीलतेचा खटला भरला गेला.

बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले. वाचकाला प्रश्न विचारण्याचा आणि संपादकाला उत्तर देण्याचा हक्क आहे, समलिंगी ओढ ही विकृती नव्हे, अशी मांडणी त्यांनी तज्ज्ञांच्या ग्रंथांच्या आधारे केली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरीही १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालविले.

बाबासाहेबांचा मुद्दा मान्य व्हायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. ही ओढ 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरविले.

पण खान्देशात काय चालते? माझ्याकडे आलेल्या एका तरुणाला घरच्यांनी आधी भगताकडे नेले, मग डॉक्टरकडे. डॉक्टरने लग्न उरकून टाकण्याचा सल्ला दिला. त्या तरुणाची झोप उडाली ती या 'इलाजा'ने. आजार त्याला नव्हताच, तो आपण दिला!

उद्या असा तरुण आपल्या विहारात प्रश्न घेऊन आला तर आपण काय करणार? कर्व्यांसारखे उत्तर देणार, की त्यांना कोर्टात खेचणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणार? जयभीम म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ठरवावे.