थायरॉईडचे ते डॉक्टर, ज्यांनी आपलीच चूक जगासमोर मांडली

तुमच्या घरात कुणीतरी सकाळी चहाच्या आधी एक बारकी गोळी घेत असेल. आई, मावशी, कदाचित तुम्ही स्वतः. थायरॉईड आहे, एवढंच आपण सांगतो. पण ही ग्रंथी शरीरात नक्की करते काय, हे जगाला कळलं त्यात एका सर्जनच्या चुकीचा मोठा वाटा आहे.

त्यांचं नाव थिओडोर कोखर. जन्म १८४१, स्वित्झर्लंडमधलं बर्न. आल्प्सच्या त्या डोंगराळ भागात माती-पाण्यात आयोडीन कमी. त्यामुळे गावोगावी गलगंड, म्हणजे गळ्यावर वाढलेली गाठ. काहींची इतकी मोठी की श्वास घेणं मुश्कील.

गाठ काढायची तर जिवाची भीती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशा ऑपरेशनमध्ये १०० पैकी सुमारे ४० रुग्ण दगावायचे. एकतर रक्तस्राव, नाहीतर जंतुसंसर्ग. कोखर १८७२ मध्ये बर्नला प्राध्यापक झाले आणि त्यांनी ही पद्धतच बदलली. निर्जंतुक हत्यारं, एकेक रक्तवाहिनी बांधत जाणं, अजिबात घाई नाही. पुढे त्यांच्या हाताखाली मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं.

आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव, घोळ झाला तो याच सफाईमुळे.

कोखर काही रुग्णांची ग्रंथी मुळापासून काढून टाकायचे. तिचा काही उपयोग असतो, हे तेव्हा कुणाला नीटसं माहीतच नव्हतं. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीचं ऑपरेशन केलं. जखम छान भरली, मुलगी घरी गेली. पण तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांनी नंतर कळवलं की तिचा स्वभावच बदललाय, ती मंद झालीये. पुढे धाकटी बहीण उंच, देखणी तरुणी झाली. ही मात्र ठेंगणी, सुजलेल्या चेहऱ्याची राहिली. ऑपरेशनआधी दोघी अगदी सारख्या दिसायच्या.

१८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन झाक रेव्हर्दँ यांनीही आपल्या रुग्णांमध्ये असंच दिसत असल्याचं कोखर यांच्या कानावर घातलं. मग कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं. संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासले, त्यातल्या १६ जणांची तब्येत ढासळलेली. थकवा, थंडी सहन न होणं, सूज, कोरडी त्वचा, गळणारे केस, मंदावलेलं बोलणं. आज थायरॉईड कमी पडलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल.

हे सगळं दडपता आलं असतं. ऑपरेशन तर यशस्वीच होती ना! पण १८८३ मध्ये बर्लिनला सर्जन मंडळींसमोर त्यांनी ते सगळं मांडलं. कारण सांगताना ते चुकले, श्वासनलिकेवर खापर फोडलं. शोध आधी कुणाचा यावरून रेव्हर्दँ यांच्याशी वादही झाला. म्हणजे संतबिंत नव्हते. पण साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणं त्यांनी थांबवलं, थोडा भाग मागे ठेवू लागले.

उपाय दुसरीकडे सापडला. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे यांनी अशाच एका आजारी बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी हेच काम करते, ग्रंथी जे बनवत नाही ते बाहेरून देते. म्हणूनच बरं वाटलं की ती मनानं बंद करायची नसते. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. डोस डॉक्टर टीएसएच तपासून ठरवतात, आणि गरोदरपणात तो बहुतेकदा वाढवावा लागतो, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळताच दाखवून घ्या.

१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळालं, तेही थायरॉईडच्या कामासाठीच. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. १९१३ मध्ये लेनिनची पत्नी क्रुप्स्काया थायरॉईडच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडेच आली होती. १९१७ मध्ये बर्नलाच ते गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ आलं आणि ज्या गलगंडावर त्यांचं आयुष्य गेलं तो हळूहळू दिसेनासा झाला. त्यांच्या नावाचा दातेरी चिमटा मात्र आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्येही आहे. फक्त इथे बरेच जण त्याला कोचर म्हणतात.