लक्ष्मीबाई टिळक : एका आजीची शिदोरी



घरातील आजी देवाघरी गेली की तिच्या वस्तू घरात राहतात, पण तिच्या आठवणी बहुधा तिच्याबरोबरच जातात. नाशिकच्या एका आजीने मात्र तसे होऊ दिले नाही. त्या म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या कॅथलिक नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतल्या होत्या. तरी पत्नी, आई आणि आजी म्हणून त्या आपल्या प्रत्येक घराला जवळच्या वाटतील.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले जिन्नसही धुऊन घरात घेतले जात. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच लग्न झाले. वाचायला-लिहायला त्या सासरी आल्यावर, पतीच्या आग्रहाने शिकल्या.

टिळक मोठे कवी, मनाने उदार, पण रागीट आणि संसाराच्या हिशेबात कच्चे. हातात आलेला पैसा गरजूच्या हाती जायचा आणि घरची चूल लक्ष्मीबाईंनी कशीबशी पेटती ठेवायची. पुढे १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. ते वाचन त्यांना थेट ख्रिस्तचरणी घेऊन गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर जणू आभाळच कोसळले. नवरा जिवंत, पण घर मोडलेले. पदरी लहानगा दत्तू. त्या काळात काही दिवस त्या पंढरपुरात राहिल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नामदेवांच्या नर्सीचे वारकरी ज्या पंढरीला आनंदाने जातात, त्याच पंढरीत या बाईने दुःखाचे दिवस काढले. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागली.

या काळात दोघांनीही एकमेकांना तोडले नाही. टिळकांनी धर्मासाठी पत्नीवर जबरदस्ती केली नाही आणि पत्नीने मुलाच्या मनात बापाविषयी विष कालवले नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला पतीकडे आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. टिळकांनी ते चालू दिले. पुढे राहुरीला असताना त्यांच्या मनाला प्रश्न पडला, की देवाने माणूस घडवला, मग जात कोणी घडवली? त्या प्रश्नाने त्यांचे सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

ज्या घरात एके काळी परक्याची सावली चालत नव्हती, त्या घरच्या लेकीने पुढे पोरकी मुले आपल्या पंक्तीला बसवली आणि नगरला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. विश्वास हाताने कसा जगायचा, हे मुलांनी आईकडे पाहून शिकावे असे ते घर होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील काव्य अपुरे राहिले होते. थोडेच अध्याय लिहून झाले होते. शाळा न पाहिलेल्या पत्नीने ते काम शिरावर घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले.

मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहायला लावले. त्यातून १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने पुस्तकरूपाने आले. त्यात नवऱ्याचे दोष लपवलेले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. भांडणे आहेत, उपास आहेत, आणि त्यावर पोट धरून हसायला लावणारी माया आहे. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई प्रभूकडे गेल्या. पुढे नातू अशोक टिळक यांनी टिपांसह या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. मुलाने लिहायला लावले, आजीने लिहिले, नातवाने जपले. एका घराच्या तीन पिढ्या एका पुस्तकाभोवती उभ्या राहिल्या.

पुसेगावातही अशा आज्या आहेत. कोणी दुष्काळ पाहिला, कोणी नवऱ्यामागे एकटीने लेकरे वाढवली, कोणी घरात पहिल्यांदा प्रार्थना म्हटली. त्यांना लिहिता येत नसेल, पण आपल्या मुलामुलींना येते. आज मिस्सा झाल्यावर घरी गेलात की आजीजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेर, तिचे लग्न, तिचे अवघड दिवस विचारा. ती बोलेल तसेच लिहून घ्या. भांडणेही लिहा, कारण क्षमा कशाची झाली हे नातवंडांना कळायला हवे.

आणि ज्यांच्या घरची आजी आता नाही, त्यांनी आज तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करताना तिची एक तरी गोष्ट मुलांना सांगावी.