वॉल्टर गायटन केडी

वॉल्टर गायटन केडी (१० डिसेंबर, १८७४:प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड, अमेरिका - ९ डिसेंबर, १९७४) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. इलेक्ट्रॉनिक मंडलांना स्थिर ठोका पुरविणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिक आंदोलकाच्या जनकांत त्यांची गणना होते.

ब्राउन विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर केडी यांनी १९०० मध्ये बर्लिन येथून डॉक्टरेट मिळवली. १९०२ ते १९४६ या काळात ते कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात अध्यापन करीत होते.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या प्रयोगांमुळे ते दाबविद्युत स्फटिकांकडे वळले. स्फटिकाच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ त्याचे विद्युत वर्तन एकाएकी पालटते, हे त्यांच्या ध्यानी आले. पाणबुडीच्या शोधात हा अडथळाच होता. केडी यांनी मात्र त्यात वारंवारतेचे प्रमाण पाहिले. तोवर रेडिओ प्रेषकाची वारंवारता वेटोळे आणि धारित्र यांच्या जोडीवर ठरत असे. तापमान बदलले की ती सरके, आणि शेजारच्या केंद्राचे प्रक्षेपण त्यात मिसळे. क्वार्ट्झच्या चकतीची वारंवारता मुख्यतः तिच्या मापांवर आणि छेदाच्या दिशेवर अवलंबून असल्याने ती सहजी ढळत नाही. १९२१ मध्ये केडी यांनी निर्वात नलिकेच्या मंडलात क्वार्ट्झ बसवून स्थिर आंदोलक तयार केला. १९२३ मध्ये असे स्फटिक सोबत घेऊन ते युरोपात गेले आणि इटली, फ्रान्स व इंग्लंड येथील वारंवारतेची प्रमाणे त्यांनी परस्परांशी ताडून पाहिली. प्रमाण खिशात घालून नेता येते, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

शोधाचे श्रेय मात्र निर्विवाद राहिले नाही. अलेक्झांडर निकोल्सन यांनी रोशेल क्षाराच्या स्फटिकावर आधारलेल्या मंडलाच्या पेटंटसाठी १९१८ मध्येच अर्ज केला होता. त्यावरून दीर्घकाळ वाद चालला. क्वार्ट्झचा आंदोलक केडी यांचा, असे सामान्यतः मानले जाते. हार्वर्डच्या जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स यांनी केडींचे मंडल सोपे केले. आजच्या मायक्रोकंट्रोलरांत स्फटिकाभोवती बहुधा पिअर्स यांचीच रचना असते. मनगटी घड्याळातील स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा असतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका मिळतो.

केडी १९३२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनियर्सचे अध्यक्ष होते. त्यांचा 'पिझोइलेक्ट्रिसिटी' हा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाची शंभर वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना त्यांचे निधन झाले.