पाटीच्या आधी भाकरी

विद्यार्थ्याला विद्येबरोबर अन्न आणि निवाराही द्यावा, ही आपल्याकडील जुनी रीत. काशीच्या दुर्गाघाटाभोवती स्थिरावलेल्या मराठी शास्त्रीमंडळींना ती अनोळखी नव्हती. गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे तीच पाळीत होते. शिष्य आणि पाहुणे यांच्या पोषणात ते निर्धन झाले. त्यांची कन्या रमा तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मली. पुढे दुष्काळात १८७४ साली तिचे आईवडील अन्नावाचून गेले. पंडिता रमाबाईंची शाळा समजून घ्यायची तर ही भूक आपण विसरू नये.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. घरी अपशकुनी ठरलेल्या बालविधवांना येथे पुस्तकांबरोबर बाग मिळाली, आपापल्या आचाराप्रमाणे जेवण्याची मोकळीक मिळाली. पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई येथल्याच. रमाबाई प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. कोणावर सक्ती नव्हती. तरी १८९३ साली पुण्याचे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

खरी कसोटी केडगावी लागली. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळातून सुमारे ३०० मुली आल्या. १९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. आधी अन्न, वस्त्र, औषध, पाटी नंतर. कित्येकींना तेवढाही अवधी लाभला नाही. लहानग्यांसाठी रमाबाईंनी अमेरिकेत अभ्यासलेली फ्रोबेलची बालोद्यान पद्धती होती, अंधांसाठी बार्तीमी सदन.

एवढ्यांना सांभाळणार कोण? वडील मुलींवर धाकट्यांचा भार सोपवला जाई. कालची विद्यार्थिनी आज शिक्षिका होई. म्हणून शिकवणारीचे हित शिकणारीपासून निराळे काढताच येत नसे. सांभाळणारीही कधी उपाशीच आली होती. तिलाही शेती, विणकाम वा छापखाना यांतला हातचा धंदा हवा होता. हा भार हलका होता असे मात्र समजू नका.

भाषांतर हा माझा व्यवसाय, त्यामुळे रमाबाई म्हटले की मला प्रथम त्यांचे पवित्र शास्त्र आठवते. इब्री व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत त्यांनी ते उतरवले. पण त्याचे खिळे जुळवणारे हात याच मुलींचे होते. शाळेचा भार वाहणारी कन्या मनोरमा १९२१ साली निवर्तली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. मुलींच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.